वास्तुपुरुषाच्या उशाशी टेलिफोन

सावेडीतल्या आमच्या नव्या घरात टेलिफोनची पाच सॉकेटं आहेत, टेलिफोन एक आहे, आणि तो उचलायला घाबरणारी मुलगी एक आहे. ती मी.

मोबाईलवर निदान नाव दिसतं, मग उचलायचा की आंघोळीला गेल्याचं सोंग करायचं ते ठरवता येतं. आमचा टेलिफोन जुना, बटणांचा, चिंचोक्याच्या रंगाचा. तो वाजला की पलीकडे कुणीही असू शकतं. त्यातून मी इंग्रजी माध्यमात शिकलेली. पलीकडून कुणी ‘एकोणऐंशी लिहून घे’ म्हटलं की मी आदराने ‘हो’ म्हणते आणि काहीच लिहून घेत नाही. नोकरीसुद्धा मी शोधून अशी घेतली की घरी बसून दिवसभर टाइप करायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. नव्या घरात जाताना हा टेलिफोन जुन्या घरीच राहील अशी माझी भाबडी समजूत होती.

पण तो नंबर अक्का आत्याला पाठ होता.

अक्का आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन काष्टीला गेली त्याला पन्नास वर्षं होतील. जुन्या मोतीबिंदूने तिची नजर जवळजवळ गेली होती, तरी रोज दुपारी साडेचारला चहा झाला की ती बटणं बोटांनी चाचपत, कोड धरून अकरा आकडे लावायची आणि भावाशी बोलायची. मोबाईल तिला चालत नाही. एक तर त्याची काच गुळगुळीत, बोटाला काही सापडत नाही. दुसरं कारण तिने बाबांना एकदा स्पष्ट सांगितलं होतं, “मोबाईलवर मानूस कुटूनबी बोलतं. तारेच्या फोनवर बोललं की ते घरात हाय, येवढं तरी कळतं.”

आजी-आजोबा गेले, भाड्याची जुनी जागा सोडली. अक्का आत्याचं माहेर आता अकरा आकड्यांचं उरलं होतं.

म्हणून बाबांनी आलेखाच्या कागदावर टेलिफोनचा नकाशा काढला. (बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक. आमच्याकडे भाजी कुठली करायची तेही कधीकधी आलेखाच्या कागदावर ठरतं.) मागच्या बाजूने वायर आत येणार, फरशीखालच्या पाइपातून हॉलमध्ये, तिथून स्वयंपाकघर, दोन बेडरूम आणि गच्चीचा जिना. एकूण सॉकेटं पाच.

वायरमन भानुदासने नकाशा उलटासुलटा करून पाहिला. “काका, आता कोन टेलिफोन लावतंय?”

“अक्का लावते,” बाबा म्हणाले.

आईने सुचवलं की एकच बिनतारी फोन घ्या, तो हातात धरून सगळ्या घरभर फिरा. “बिनतारी म्हणजे मोबाईलच झाला की,” असं म्हणून बाबांनी पेन्सिलीला टोक केलं.

पाच सॉकेटं कशाला, ते मला वास्तुशांतीच्या आधी कळलं. अक्का आत्याच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नेमकं तेव्हाच झालं होतं, डोळ्यावर पट्टी होती. भावाच्या घराची वास्तुशांत आणि थोरली बहीण नाही! बाबाच तिला फोनवर म्हणाले, “अक्का, तुला मी घर फोनवर दाखवतो. एकेका खोलीतून फोन घेतो. तू ऐक.” जुन्या घरात तिला आवाजावरून कळायचं, बाबा खिडकीशी बसलेत की पलंगावर. नवं घरही ती तसंच बघणार होती. आणि पुढच्या गुरुवारी तिचा मुलगा तिला दुसऱ्या डोळ्यासाठी पुण्याला नेणार होता. त्या डोळ्याबद्दल डॉक्टरांनी काही कबूल केलेलं नव्हतं.

म्हणजे गुरुवारच्या आत घर दाखवायचं होतं. आमच्याकडे दहा दिवस होते. दहा दिवसांत माणसं दुकान उघडून बंद करतात.

आता वास्तुशांत. वास्तुपुरुषाची छोटीशी प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरतात, हे मला त्या आठवड्यातच कळलं. आमचं आग्नेय म्हणजे स्वयंपाकघर. गवंड्याने फरशी बसवतानाच कोपऱ्यातली एक फरशी मोकळी ठेवली होती. पण गवंड्याने अंदाजाने ठेवलेली जागा बाबांना कशी चालणार? त्यांनी घराचा मध्य काढला, तिथे मला उभं केलं, माझ्या मोबाईलमधलं होकायंत्र उघडायला लावलं आणि माझ्या पायाखाली सुतळीचं एक टोक दाबून दुसरं टोक घेऊन स्वयंपाकघरात गेले.

“एकशे पस्तीस अंश आले की सांग,” त्यांनी आतून हाक दिली.

आले तेव्हा मी सांगितलं. सुतळीचं टोक कोपऱ्यापासून चार फरश्या अलीकडे, मागच्या दारापाशी पडलं. गवंडी म्हणाला, सर, कोपरा तर कोपऱ्यात आसतोय. बाबांनी त्याला आलेखाचा कागद दाखवला, तेव्हा तो निमूटपणे छिन्नी घेऊन बसला.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तांब्याच्या डबीत सप्तधान्यं, शेवाळ, फुलं घालून वास्तुपुरुषाला पालथं निजवलं, वर फरशी बसली. मला ते फार आवडलं होतं. जमिनीखाली कुणीतरी पालथं झोपून आपलं घर ऐकतंय, मिक्सर ऐकतंय, आईच्या बांगड्या ऐकतंय. आईने बजावलं, “आता घरात वाईट बोलायचं नाही. तो सारखा तथास्तु म्हणत असतो.”

हे तिने मला जरा उशिरा बजावलं. त्याच्या पाचच मिनिटं आधी, त्याच फरशीवर उभी राहून मी स्वतःशीच म्हणाले होते, “टेलिफोन बंदच राहिला तर किती शांत वाटेल.”

बुधवारी फोन कंपनीचा माणूस आला. त्याने मागच्या भिंतीवरची डबी उघडली, आपलं यंत्र लावून टोन ऐकली, डबी मिटली आणि म्हणाला, “लाइन इथपर्यंत आहे. आतलं तुमचं.” आतल्या पाचही सॉकेटांत बाबांनी पळत पळत टेलिफोन लावून पाहिला. पाचही ठिकाणी तीच शांतता. मला फरशीखालून तथास्तु ऐकू आलं.

साडेचार वाजत आले, तेव्हा बाबांनी हार न मानता टेलिफोन मागच्या अंगणात नेऊन थेट डबीला जोडला आणि धुण्याच्या दगडावर बसले. फोन वाजला. बाबा म्हणाले, “बोल अक्का, नव्या घरातून बोलतोय.” शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली. नळ टपटपत होता. टिटवी ओरडत गेली.

पलीकडे तिने एकेक आवाज टिपला. मग अक्का आत्याचा आवाज, इतका मोठा की मला दारातून ऐकू आला. “बाळू, तुला घरात घेतलं न्हाई का कुनी?”

बाबा सांगायला लागले की वायरचं जरा काम बाकी आहे. तिने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. “घरातनं बोल. घरात वाजंल तवा मी बघीन घर.” आणि तिने फोन ठेवला. बाबा रिसीव्हर मांडीवर धरून दगडावर बसून राहिले. साठी उलटलेला माणूस त्या क्षणी वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखा दिसत होता.

गुरुवारी सकाळी भानुदास आला. त्याने मागच्या बाजूने पाइपात वायर ओढायची लांब पोलादी स्प्रिंग घातली. ती सरसर गेली आणि अडली. त्याने हॉलच्या बाजूने घातली, तीही अडली. दोन्हीकडची लांबी त्याने टेपने फरशीवर मोजली. दोन्ही मापं एकाच फरशीवर येऊन भिडली. त्या फरशीवर आईची रांगोळी होती आणि निरांजन तेवत होतं.

भानुदासने चपला काढल्या. मग हळूच म्हणाला, “काका, तार देवाखाली गेली.”

गवंड्याला फोन लावला. तो म्हणाला, व्हय, खनताना पाइप लागला हुता, जुना आसंल म्हनून तोडला. महिन्याभरापूर्वी बांधून झालेल्या घरात जुना पाइप! बाबांनी आपला नकाशा काढला. त्यांच्याच पेन्सिलीची टेलिफोनची रेघ नेमकी तिथून जात होती. तो कागद त्यांनी फार सावकाश घडी करून खिशात ठेवला.

भानुदास म्हणाला की भिंतीवरून प्लॅस्टिकची पट्टी मारून वायर नेतो, अर्ध्या तासाचं काम. आईने कणकेचा हात वर केला. “माझ्या नव्या टाइल्सना एकही भोक पाडायचं नाही. आजाऱ्याला लावतात तशा नळ्या नकोत मला भिंतीवर.” मग वास्तुपुरुषाला थोडं बाजूला... असं भानुदास म्हणायला लागला आणि आईच्या चेहऱ्याकडे बघून त्याने ते वाक्य तिथेच सोडलं.

शेवटी त्याने मागच्या खिडकीतून तात्पुरती वायर आत घेतली. शनिवारी दुपारी चार पंचविसाला टेलिफोन हॉलमध्ये टीपॉयवर, खाली विणलेला रुमाल, समोर बाबा इस्त्रीच्या शर्टात. चार सत्ताविसाला मांजर खिडकीत दिसलं. चार अठ्ठाविसाला आईने दुधाच्या काळजीने सरकती खिडकी झटकन ओढून घेतली. वायरीचे दोन तुकडे झाले, आणि पुन्हा ती खिडकी उघडी ठेवायला आई तयार नव्हती. मांजर बाहेर राहिलं, अक्का आत्याही.

त्या दिवसांत मी काम करता करता खिडकीबाहेर बघत बसायचे. मला वाटायचं, साडेचारला काष्टीहून अक्का आत्याची रिंग निघत असेल. उसाच्या फडांवरून, तारांवरच्या पाखरांना न उठवता, श्रीगोंदा मागे टाकून, नगरचा सगळा गलबला ओलांडून आमच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचत असेल, पाइपात शिरत असेल आणि फरशीखाली पालथ्या झोपलेल्या त्या छोट्या देवाच्या कानाशी येऊन थांबत असेल. तो ऐकत असेल. पण बिचारा ‘हॅलो’ कसं म्हणणार? त्याला एकच शब्द येतो.

अशाच तंद्रीत सोमवारी माझ्या हातून मोबाईलचं कव्हर निघालं. पुस्तकासारखं मिटणारं कव्हर, चटकन मिटावं म्हणून कडेला लोहचुंबक. चाळा म्हणून मी होकायंत्र उघडलं होतं. कव्हर निघालं आणि सुई आळस देऊन वळल्यासारखी वळली. मी कव्हर घातलं. सुई परत फिरली. मी पुन्हा काढलं.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मी कव्हरासकट उभी होते.

चांगली मुलगी असती तर उठून सांगितलं असतं. मी कव्हर घालून दोन ईमेल लिहिले. मंगळवारी आणखी बरेच लिहिले. माझं काम इतकं वेळेवर कधी झालं नव्हतं.

बुधवारी सकाळी बाबांनी गुरुजींना मोबाईल लावला आणि आवाज मोठा केला. उद्या बहीण पुण्याला जाणार, हे सगळं सांगून झालं. गुरुजी शांत माणूस. ते म्हणाले, “सर, बसवलेला देव टेलिफोनच्या वायरीसाठी उठवत नाहीत. जागाच चुकली असती तर गोष्ट वेगळी होती. मग विधिपूर्वक हलवता आला असता.”

“जागा चुकणं शक्य नाही,” बाबा म्हणाले. “हिने होकायंत्र धरलं होतं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई, बाबा, दारात उकिडवा बसलेला भानुदास. बाबांच्या नजरेत तर अभिमान होता, तेच जास्त वाईट. शेवटी मी मोबाईल बाबांच्या समोर फरशीवर ठेवला, होकायंत्र लावलं आणि कव्हर काढलं.

सुई वळली.

बाबांनी कव्हर घालून पाहिलं, काढून पाहिलं, पुन्हा घालून पाहिलं. तीन वेळा. मग चष्मा पुसला. “प्रयोग बरोबर आहे,” ते म्हणाले.

“म्हणजे गवंडी बरोबर होता,” आई म्हणाली.

“कोपरा कोपऱ्यातच आसतोय, काका,” भानुदास म्हणाला, फार हळू.

माझ्यावर कुणी ओरडलं नाही, कारण त्या चुकीइतकी सोयीची चूक आमच्या घरात आजवर कुणी केली नव्हती. गुरुजी तासाभरात आले. नारळ, अक्षता, क्षमाप्रार्थना. फरशी निघाली. वास्तुपुरुषाची डबी वर आली, आणि डबीच्या अगदी उशाशी तुटलेल्या वायरीची दोन टोकं होती. त्यातली तांब्याची तार नव्या दागिन्यासारखी चमकत होती. मी मनात त्याला सॉरी म्हटलं. (त्याला इंग्रजी येतं का, माहीत नाही.) देव कोपऱ्यातल्या खऱ्या जागी निजला, भानुदासने नवा पाइप जोडून वायर ओढली, आणि सव्वाचारला हॉलच्या सॉकेटात टोन आली. अक्का आत्याला बाबांनी मोबाईलवरून एवढंच कळवलं होतं की आज लाव, घरात वाजेल.

साडेचारला घरात वाजला.

“अक्का,” बाबा म्हणाले, “हा हॉल. सोळा बाय बारा. उत्तरेला खिडकी, चार बाय साडेचार. छताची उंची...”

“बाळू,” पलीकडून आवाज आला, “मला फुटात न्हाई बघायचं घर. पोरीला दे. गप बसती म्हंजी ती बघत आसंल.”

बाबांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला. पळून जायला पाच खोल्या होत्या आणि प्रत्येकीत सॉकेट होतं.

मी घेतला. तिकडून कुणी घाई केली नाही. मग मी म्हणाले की आत्या, हॉलमध्ये आत्ता ऊन सरकत सरकत भिंतीच्या अर्ध्यावर आलंय. ते खाली उतरेल तेव्हा बाबांच्या पायावर येईल.

“कशा रंगाचं?” तिने विचारलं.

“सायीच्या,” मी म्हणाले. हा शब्द माझ्याकडे आहे हे मलाच माहीत नव्हतं.

प्लग काढला की फोन कटायचा. मग अक्का आत्या पुन्हा चाचपत अकरा आकडे लावायची आणि तेवढ्यात बाबा टेलिफोन उराशी धरून पुढच्या सॉकेटाकडे धावायचे. पाच खोल्या, पाच फोन. स्वयंपाकघरात मी तिला आईची फोडणी ऐकवली. जिन्यात रिसीव्हर गच्चीच्या दाराशी धरला. वारा होता. तिने तो खूप वेळ ऐकला. मी सांगितलं की इथून खूप लांबपर्यंत दिसतं, अगदी खूप, आणि आकाश खोलीत आल्यासारखं वाटतं. माझं मराठी असं वाहत सुटलं होतं की मलाच थांबवता येईना. सुई कुणीकडे फिरतेय ते मी बघतच नव्हते.

“दिसलं गं घर,” ती शेवटी म्हणाली. “आता नजर आली काय न् न्हाई काय.”

नजर आली. पूर्ण नाही, पण माणूस ओळखण्याइतकी आली. दोन महिन्यांनी मुलाच्या गाडीतून ती आमच्याकडे उतरली. आईने ओवाळलं, साडी दिली. अक्का आत्या भिंतीला हात लावत सगळं घर हिंडली. हॉल पाहिला, सायीचं ऊन पाहिलं, जिन्यातून गच्चीच्या दारापर्यंत जाऊन समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी पाहिली. मग खुर्चीत बसली, पाणी प्यायली आणि माझ्याकडे वळून म्हणाली,

“घर झ्याक हाय. पन फोनवर लई मोठं हुतं.”

बाबा लगेच टेप आणायला उठले. आई माझ्याकडे बघत होती. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी कुणी न सांगता पळत जाऊन टेलिफोन उचलला आणि मोठ्याने ‘हॅलो, कोण बोलतंय?’ म्हटलं.

तो वाजलेला नव्हता.